मुसू

मंडळी, या वीकएंडला मी दुसऱ्या बाजीरावाच्या बिठूरच्या दिवसांवर लिहिणार होतो. दोन आठवडे टिपणं काढून ठेवली होती. पण गुरुवारी रात्री पावणेदहाला दारावरची बेल वाजली आणि बाजीराव राहूनच गेला.

दारात भाची. पाठीवर शाळेची सॅक, हातात कपड्यांची पिशवी, डोळे सुजलेले. वय वर्षं पंधरा, इयत्ता दहावी. चिंचवडहून मेट्रोने स्वारगेट आणि तिथून रिक्षाने सिंहगड रोड, असा प्रवास एकटीने करून आली होती. "मामा, मी काही दिवस इथे राहणारे. कारण विचारू नकोस." एवढं बोलून सरळ आत गेली. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे. मग बायकोने काही न बोलता फ्रीजमधली कणीक बाहेर काढली. पाच मिनिटांनी ताईचा फोन. "आलीय ना तिथे? बरं. राहू दे." आणि ठेवला. इतका छोटा फोन ताईने आयुष्यात कधी केला नसेल.

कारण काय ते पुढे तुकड्यातुकड्याने कळलं. सराव परीक्षेचे मार्क, मोबाईल, क्लास बदलायचा हट्ट, आणि पाहुण्यांसमोर भावोजींनी चढवलेला आवाज. नवीन असं काहीच नाही. (हे सगळं तिला विचारूनच लिहितोय. तिची अट एकच होती, नाव घालायचं नाही.)

शुक्रवारी ताईचा पुन्हा फोन आला. या वेळी नेहमीसारखा, पाऊण तासाचा. शेवटी म्हणाली, "मला एक सांग, हे वयच असं असतं का रे? की आमचंच काहीतरी चुकतंय?"

मी हो-नाही काहीतरी पुटपुटलो. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की नेमका हाच प्रश्न घेऊन १९२५ साली तेवीस वर्षांची एक अमेरिकन मुलगी पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर गेली होती. तिचं पुस्तक माझ्या कपाटात होतं, कॉलेजात असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलेलं. घेताना मुखपृष्ठ बघून घेतलं होतं हे कबूल करतो. :) रात्री ते पुन्हा काढलं, आणि मग पहाटे तीनपर्यंत त्याच्या मागचं-पुढचं वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते १९०४मध्ये. स्टॅन्ली हॉल हा अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठाचा अध्यक्ष, तिथल्या मानसशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एक. त्याने 'अ‍ॅडोलेसन्स' नावाचे दोन जाडजूड खंड काढले. मूल आणि मोठा माणूस यांच्या मध्ये एक स्वतंत्र, वादळी टप्पा असतो ही कल्पना शास्त्राच्या भाषेत रुळवण्याचं बरंचसं श्रेय त्याच्याकडे जातं. 'वादळ आणि ताण' हा शब्दप्रयोग त्याने जर्मन साहित्यातल्या एका चळवळीच्या नावावरून उचलला. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक माणूस वाढताना मानवजातीचा सगळा प्रवास पुन्हा करतो. लहान मूल म्हणजे आदिमानव, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपण इतिहासातल्या एका खळबळीच्या काळातून जात असतो. म्हणजे आदळआपट ही निसर्गाचीच योजना, आईबापांनी फक्त छत्री धरून उभं राहायचं.

उत्क्रांतीचं हे गणित आज कोणी मानत नाही. पण निष्कर्ष मात्र घराघरात जाऊन बसला. "हे वयच असं असतं" हे वाक्य ताईपर्यंत पोचलंय ना, त्याच्या प्रवासातलं एक मोठं स्टेशन म्हणजे हा हॉल.

आता यात एक उपकथानक आहे, आणि मला ते मुख्य कथेइतकंच आवडतं. याच हॉलच्या विद्यापीठात १८८९पासून फ्रान्झ बोआस नावाचा जर्मनीहून आलेला एक तरुण मानववंशशास्त्र शिकवत होता. त्याने तिथल्या वूस्टर गावात शाळकरी मुलांची उंची-वजनं मोजायचा घाट घातला. गावातल्या वर्तमानपत्राने बोंब ठोकली की हा परका माणूस आमच्या मुलांच्या अंगाला हात लावणार म्हणजे काय! तरी मोजमापं झाली. त्यातून बोआसच्या हाती जे लागलं ते साधं पण फार मोलाचं होतं: मुलं आपापल्या गतीने वाढतात. कोणी बाराव्या वर्षी ताडमाड होतं, कोणी सोळाव्या. सरासरी काढली की या दोघांपैकी कोणाचंच चित्र उरत नाही. (परफॉर्मन्सचे आकडे सरासरीने बघू नका, म्हणून मी टीममध्ये घसा फोडत असतो. बोआस माझ्या बाजूचा!) १८९२मध्ये हॉलशी बिनसलं आणि बऱ्याच प्राध्यापकांबरोबर बोआसही विद्यापीठ सोडून गेला.

तीसेक वर्षांनी तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचा भीष्माचार्य झालेला असताना मार्गारेट मीड ही विद्यार्थिनी त्याच्याकडे आली. तिला पॉलिनेशियात जाऊन संस्कृतीबदल वगैरेचा अभ्यास करायचा होता. बोआसने विषय दिला किशोरवयीन मुलींचा. हे वादळ शरीराचं की समाजाचं, ते बघून ये. हा विषय देताना म्हाताऱ्याला वूस्टरचा जुना हिशोब आठवत असणार, असं मानायला मला आवडतं. तिने अमेरिकेतल्याच आदिवासींमध्ये काम करावं अशी त्याची इच्छा होती, ती हटून बसली. तडजोड अशी निघाली की बेटावर जा, पण नियमित बोट येते अशाच बेटावर. म्हणून अमेरिकन सामोआ. तिकिटाचे पैसे वडिलांनी दिले. मुलगी हटते, वडीलधारा माणूस अट घालतो, आणि शेवटी बापाच्या खिशातून पैसे जातात. किशोरवयाचा अभ्यास तिथूनच सुरू झाला म्हणायचा.

३१ ऑगस्ट १९२५ला मीड पागो पागो बंदरात उतरली. काही आठवडे भाषा शिकण्यात गेले, आणि नोव्हेंबरमध्ये ती ताऊ नावाच्या छोट्या बेटावर पोचली. तिथे अमेरिकन नौदलाचा दवाखाना होता, त्याच्याच आवारात एका अमेरिकन कुटुंबाबरोबर राहिली. यावरून पुढे तिला खूप टोमणे बसले. तिचं कारण ऐकण्यासारखं आहे. सामोअन घराला भिंतीच नसतात, खांब आणि वर शाकारलेलं छप्पर. अशा घरात एखाद्या मुलीने मनातलं बोलायचं कुठे? दवाखान्याच्या पडवीत मात्र मुली दिवसभर येत-जात, गप्पा मारत, नाचत. १ जानेवारी १९२६ला मोठं चक्रीवादळ झालं, बेटावरची घरं-पिकं गेली, आणि पुढचे काही आठवडे सगळं गाव दुरुस्तीत गुंतलं. त्यामुळे प्रत्यक्ष कामाला तिला काहीच महिने मिळाले.

तेवढ्यात तिने तीन गावांतल्या ६८ मुलींचा तक्ता केला. प्रत्येकीचं वय, घरात माणसं किती, वडिलांचा मान काय, मैत्रिणी कोण, भांडण कोणाशी. रंगांची नावं सांगायला लावणं, आकडे लक्षात ठेवायला लावणं असल्या चाचण्याही घेतल्या. आणि १९२८मध्ये 'कमिंग ऑफ एज इन सामोआ' आलं. प्रकाशकाने सांगितलं, अमेरिकन आईबापांना यातून काय घेता येईल ते शेवटी लिही. तिने लिहिलं. पुस्तक तुफान खपलं.

तिचं उत्तर थोडक्यात: नाही, हे वयच असं असतं असं नाही. ताऊवरच्या बहुतेक मुलींची ही वर्षं आयुष्यातली सगळ्यात निवांत वर्षं होती. का? तिने दिलेली कारणं वाचताना मी शुक्रवारी रात्री दोनदा उठून आतल्या खोलीकडे बघून आलो.

एक तर सामोअन घर म्हणजे आईबाप आणि मुलं असं चौकोनी नसतं. दहा-पंधरा-वीस माणसांचा गोतावळा. आईबापांशी फाटलं की मूल उठतं आणि मामाकडे, आत्याकडे, आजीकडे राहायला जातं. चार दिवस, चार महिने. याला तिथे पळून जाणं म्हणत नाहीत, त्यात कोणाची बेअब्रूही नाही. मीडच्या मते घरातली वडीलधारी माणसं एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाहीत ती यामुळेच. जास्त ताणलं तर काम करणारे दोन हात शेजारच्या घरी जातील हे त्यांना ठाऊक असतं.

दुसरं, सहा-सात वर्षांची पोर कडेवर धाकटं भावंड घेऊन हिंडते. आपल्या आज्यांनी केलं तेच. बाळ रडलं तर बोलणी हिला, म्हणून ही बाळाला दूर नेते. रुसलेल्याची समजूत घालणं, रागावलेल्या मोठ्याच्या वाटेतून बाजूला होणं, हे सगळं ती आठ वर्षांची व्हायच्या आत शिकते. आज शाळा 'सामाजिक-भावनिक कौशल्यं' म्हणून ज्याचा तास घेतात ते. जन्म, मृत्यू, आजारपण घरातच, डोळ्यांसमोर.

आणि तिसरं म्हणजे मुसू. सामोअन भाषेतला हा शब्द मला या पुस्तकात सापडलेली सगळ्यात मोठी ठेव वाटते. मुसू म्हणजे नको वाटणं. अमुक करायला मी मुसू आहे, अमक्याकडे जायला मुसू आहे, बोलायला मुसू आहे. मीड सांगते की एकदा माणूस मुसू आहे म्हटलं की का म्हणून विचारत नाहीत. कारण असलंच पाहिजे असा आग्रह नाही. आपल्याकडे? रुसणं आहे, फुगणं आहे, अबोला आहे, 'तोंड पाडून बसणं' आहे, पण हे सगळे शब्द बाहेरून बघणाऱ्याचे. प्रत्येकात थोडा आरोप आहे. "आज मी फुगलेय" असं स्वतःहून कोण म्हणतं?

लगेच हेही सांगतो की ताऊ म्हणजे मोकळीक आणि लाडच लाड असं मीड म्हणत नाही. वयाला न शोभेल असं बोलणं हा तिथे मोठा गुन्हा. त्याला 'तौतला लाइतिती' म्हणतात. आपला 'लहान तोंडी मोठा घास'! पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हे वाक्य भेटल्यावर मला शेजारचे काका भेटल्यासारखं झालं. शिवाय तिच्या पुस्तकात एक आख्खं प्रकरण न जुळणाऱ्या मुलींवर आहे: एक सतत भांडणारी, एक चोऱ्या करणारी. आणि या निवांतपणाची किंमतही ती मांडते. कुठलंच नातं, कुठलंच वेड फार खोल जात नाही. जे मूल फार पुढे धावतं त्याला मागे खेचलं जातं. तिला अमेरिकेचं सामोआ करायचं नव्हतंच. तिचा युक्तिवाद आपल्या धंद्यातल्या माणसाला पटकन कळेल. कोणी म्हणालं की हा प्रोग्रॅम प्रत्येक मशीनवर क्रॅश होतोच, तर ते खोडायला तो न कोसळणारं एक मशीन दाखवलं की पुरे.

पुढे ५५ वर्षं हे एक मशीन मानवशास्त्राच्या प्रत्येक वर्गात दाखवलं गेलं. मग आला डेरेक फ्रीमन.

फ्रीमन मूळचा न्यूझीलंडचा. १९४०मध्ये शाळामास्तर म्हणून पश्चिम सामोआत गेला, तिथल्या एका घराने त्याला आपला मानलं, उपाधी दिली. नंतर १९६५ ते ६७ पुन्हा जाऊन राहिला. १९८३मध्ये त्याचं पुस्तक आलं. मीड त्याआधी पाच वर्षं, १९७८मध्ये वारली होती. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी पहिल्या पानावर घेतली. फ्रीमन म्हणाला, मीडचा सामोआ हा भ्रम आहे. खरा सामोआ कडक आहे. मोठ्यांचा मार खाणारी मुलं, कौमार्याबद्दल कमालीची दक्षता, १८३०पासून रुजलेला ख्रिस्ती धर्म, आणि किशोरवयात चढत जाणारे गुन्ह्यांचे आकडे. १९८७मध्ये त्याला आणखी एक दारूगोळा मिळाला. फाआपुआआ फाआमू नावाच्या वृद्ध बाईने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मी आणि माझ्या मैत्रिणीने मार्गारेटची थट्टा केली होती, रात्री मुलांबरोबर असतो असं गमतीत सांगितलं होतं. झालं! मीडला दोन पोरींनी उल्लू बनवलं, ही गोष्ट जगभर गेली. ऑस्ट्रेलियात त्यावर नाटकसुद्धा आलं.

माझीही कित्येक वर्षं हीच समजूत होती. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी ही गोष्ट चढ्या आवाजात सांगितलेली आहे. खोटं ठरलेल्या पंडितांची गोष्ट सांगायला मजा येते, त्याला काय करणार.

पण लॉग बघितल्याशिवाय बग क्लोज करू नये. मीडची मूळ टिपणं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. मार्टिन ओरान्स नावाच्या अभ्यासकाने ती तपासली आणि १९९६मध्ये लिहिलं की फसवणुकीची गोष्ट टिपणांत बसत नाही. फाआपुआआ ही काही त्या ६८ मुलींपैकी नव्हती. ती जवळजवळ मीडच्याच वयाची, मानाची बाई होती. मुलींबद्दलची माहिती मीडकडे वेगवेगळ्या वाटांनी आलेली होती. पण ओरान्सने मीडलाही सोडलं नाही. तिचे मोठे दावे इतके ढोबळ आहेत की ते तपासून खरे-खोटे ठरवताच येत नाहीत, असं त्याचं मत. २००९मध्ये पॉल शँकमनने सगळ्या वादाची उलटतपासणी केली, त्यात फ्रीमनने मीडची आणि इतरांची वाक्यं सोयीने तोडून वापरल्याचं दिसतं. त्याच्याही आधी, १९५४मध्ये लोवेल होम्स नावाचा माणूस त्याच ताऊ बेटावर जाऊन आला होता. तपशिलात मतभेद नोंदवून त्याने एकंदरीत म्हटलं होतं की मीडचं चित्र बरंचसं बरोबर आहे.

म्हणजे शेवटी कोण बरोबर? माझं मत विचाराल तर मीडने रंग जास्त उजळ लावले आणि फ्रीमनने कॅनव्हासच फाडला. शिवाय दोघांचे सामोआ एकच नव्हते. वेगळी बेटं, वेगळी राजवट, मध्ये एक महायुद्ध. एक दवाखान्याच्या पडवीत मुलींशी बोलत होती, दुसरा सरदारांच्या सभेत पुरुषांबरोबर बसत होता. आपल्याकडे एखाद्या वाड्याबद्दल माजघरातली सून आणि ओसरीवरचे आजोबा काय सांगतील याचा विचार करा. अनेक सामोअन लोकांना तर दोन्ही चित्रं पटली नाहीत. एकात आपण बेफिकीर, दुसऱ्यात हिंस्र. आम्ही दोन्ही नाही आहोत, असं त्यांचं म्हणणं.

या वादाच्या धुरळ्यात एक गोष्ट मात्र मागे पडली, आणि मला तीच सगळ्यात अस्वस्थ करून गेली. १९७०च्या दशकात आणि १९८०च्या सुरुवातीला पश्चिम सामोआत तरुणांच्या आत्महत्यांची लाट आली. ज्या समाजाचं नाव जगात 'निवांत किशोरवय' म्हणून घेतलं जायचं, तिथेच. क्लुनी आणि लाअवासा मॅकफर्सन या जोडप्याने याचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार मुलं शिकली होती, बाहेरचं जग बघत होती, पण वाटा बंद होत चालल्या होत्या. न्यूझीलंडने त्याच काळात स्थलांतर आवळलं, १९७४ ते ७६मध्ये तिथे राहणाऱ्या पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या घरांवर पहाटे छापेही पडले. गावात परत यावं तर वडीलधाऱ्यांपुढे जागा नाही, बोलायची मुभा नाही. अनेक घटनांत तात्कालिक कारण एवढंच, की मोठं माणूस रागावलं. त्यात शेतीसाठी नव्याने आलेलं एक जहाल तणनाशक घराघरात पोचलेलं होतं. त्याची आयात घटली, गावोगाव जागृतीची मोहीम झाली, तसे आकडे उतरले. म्हणजे मुलांची मनं एका रात्रीत बदलली नव्हती. रागाचा तो एक तास निघून गेला तर मूल वाचतं, एवढंच. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

हा परिच्छेद लिहून मी दहा मिनिटं नुसता बसलो होतो. गुरुवारी रात्री ती पोरगी मेट्रोत बसली आणि आमच्याकडे आली. कुठे जायचं हे तिला ठाऊक होतं. बस, याहून जास्त लिहीत नाही.

बरं, आपल्याकडे हे वय होतं तरी का? मुलांसाठी थोडंफार असावं. सोळा वर्षांच्या मुलाला मित्रासारखं वागवा म्हणणारं सुभाषित आहे, आणि 'गद्धेपंचविशी' हा शब्द तर हॉलच्या दोन्ही खंडांपेक्षा जास्त सांगतो. (आपण गाढवपणाची मुदत थेट पंचविसापर्यंत वाढवून दिली आहे. उदारच म्हणायचं.) पण मुलींसाठी? मुंबईच्या रखमाबाईंचा जन्म १८६४चा, लग्न अकराव्या वर्षी. नवऱ्याघरी नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवऱ्याने १८८४मध्ये दावा लावला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला, आणि १८८७मध्ये निकाल लागला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८मध्ये तडजोडीने दोन हजार रुपये भरून प्रकरण मिटलं, त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या. मला नेहमी वाटतं, रखमाबाई मुसू होत्या. आणि एका 'नको'चं कारण आख्ख्या हायकोर्टाला द्यावं लागलं. पुढे १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली तर केवढा गदारोळ, टिळकसुद्धा विरोधात. १९२९चा शारदा कायदा आला तेव्हा कुठे मुलीच्या लग्नाचं वय चौदा झालं. ताऊवर मीड मुलींचे तक्ते भरत होती त्या वर्षांत आपल्याकडच्या त्याच वयाच्या कितीतरी मुली सासरी होत्या. त्यांच्या वादळाचा तक्ता कोण भरणार?

अलीकडची माहिती झटपट सांगतो. १९९१मध्ये श्लेगेल आणि बॅरी या दोघांनी जगभरातल्या १८६ समाजांचा नमुना घेऊन बघितलं. किशोरवयाचा टप्पा जवळजवळ सगळीकडे आहे, वादळ मात्र सगळीकडे नाही. जिथे मुलगे दिवसातला बराच वेळ मोठ्या माणसांच्या सोबतीत, कामात घालवतात तिथे ते कमी. जिथे त्यांना फक्त समवयस्कांच्या कळपात ठेवलं जातं तिथे जास्त. १९९९मध्ये आर्नेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सगळ्याचा आढावा घेऊन म्हटलं की वादळ अटळ नाही, पण आयुष्यात कधी यायचं तर या वयात येण्याची शक्यता जास्त. थोडक्यात, हॉलही थोडा खरा आणि मीडही.

मग २०१९मध्ये ओईसीडीने दहा शहरांतल्या दहा आणि पंधरा वर्षांच्या मुलांच्या सामाजिक-भावनिक कौशल्यांची मोठी पाहणी केली. हेलसिंकी, ओटावा, सुझोऊ, बोगोटा वगैरे. पुढच्या, २०२३च्या फेरीत आपली दिल्लीही होती. पहिल्या फेरीतलं ठळक चित्र असं, की इतक्या वेगळ्या शहरांत पंधरा वर्षांची मुलं दहा वर्षांच्यांपेक्षा स्वतःला बहुतेक बाबतींत कमी गुण देतात. आशावाद, विश्वास, उत्साह, लोकांत मिसळणं यांत तर जास्तच, आणि मुलींमध्ये ही घसरण अधिक. वाचून मला जरा हायसं वाटलं. म्हणजे फक्त चिंचवडमध्ये नाही.

पण इथे माझ्यातला लोकलायझेशन केलेला इंजिनिअर जागा होतो. या यादीत एक कौशल्य आहे: आपलं म्हणणं ठामपणे मांडणं, पुढाकार घेणं. प्रश्नावली मुलांनी स्वतः भरायची. आता ज्या घरात ठामपणाला 'उद्धटपणा' म्हणतात त्या घरातली मुलगी "मी माझं मत ठामपणे सांगते" यापुढे कुठल्या चौकटीत टिक करेल? बटणावरचा मजकूर भाषांतरित करता येतो, बटण दाबल्यावर घरात काय होतं ते भाषांतरित होत नाही. असे आकडे दोन शहरांत तुलना करण्यापेक्षा एकाच शहरात आत डोकावायला बरे, असं माझं मत. पटत नसेल तर भांडू.

तर ताईला काय सांगायचं? शनिवारी सकाळी मी तिला हे सगळं फोनवर सांगायला लागलो. सामोआपर्यंत पोचलो तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे तिथे मुली सरळ मामाकडे जातात?"

"हो."

"आणि आयांना चालतं?"

"चालतं म्हणजे... काही बोलत नाहीत म्हणे."

फोनवर बराच वेळ शांतता. मग ताई म्हणाली, "मी नववीत असताना आक्काआजीकडे महिनाभर राहिले होते, आठवतंय तुला? तू लहान होतास. मला वाटतं कोणालाच कारण सांगितलं नव्हतं मी." मला खरंच आठवत नव्हतं. इतकंच आठवत होतं की त्या महिन्यात खिडकीजवळची कॉट मला मिळाली होती.

शनिवारी संध्याकाळी बायको आणि भाची मटार सोलत बसल्या होत्या आणि मी हे टाईप करत होतो. भाचीने मागे येऊन स्क्रीनवर वाचलं. "मुसू म्हणजे काय?" मी सांगितलं. कारण विचारायचं नाही हा भाग तिने दोनदा वदवून घेतला. मटार सोलणं पुन्हा सुरू झालं. भावोजींनी दुपारी पाठवलेला मेसेज तिने मामीला दाखवला. 'जेवलीस का' एवढाच होता. तिने 'हो' असं उत्तर दिलं होतं.

आज रविवारी सकाळी चहा पिताना म्हणाली, "मामा, आईला सांग, मी सोमवारपर्यंत मुसू आहे."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी भूमितीचा पेपर आहे. कंपास तिकडेच राहिलीय."